प्रशिक्षणास गैरहजर राहिल्यास...

परभणी जिल्ह्यातला सरकारी कर्मचारी पत्र खालून वर वाचतो. विषय, संदर्भ, ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ हा सगळा लवाजमा ओलांडून त्याची नजर थेट शेवटच्या परिच्छेदावर उतरते, कारण पत्राचा जीव तिथं असतो. प्रशिक्षणाच्या पत्रात शेवटी नुसतं ‘उपस्थित राहावे’ असेल, तर जायचं की नाही हे शेतातली कामं बघून ठरतं. ‘उपस्थिती अनिवार्य आहे’ असेल, तर सहीपुरतं जायचं. आणि ‘गैरहजर राहिल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 134 अन्वये कारवाई करण्यात येईल’ असं असेल, तर घरात लग्न असलं तरी नवरदेवाला सांगून टाकायचं, बाबा रे, अक्षता आमच्या वतीनं दुसरं कुणीतरी टाकेल.

नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात बाराही महिने कुणी ना कुणी प्रशिक्षणात असतंच. आशाताई नवजात बाळाच्या गृहभेटीचं शिकत असतात. अंगणवाडीताई पोषण ट्रॅकर शिकत असतात. तो जरा हातात बसला की त्याची नवी आवृत्ती येते. तलाठी ई-पीक पाहणीचं प्रशिक्षण घेतात आणि देतातही. गुरुजींना तर प्रशिक्षणाचं वावडं असून चालतच नाही: निष्ठा, भाषा, गणित, मूल्यमापन, आपत्ती व्यवस्थापन, झालंच तर शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब. मध्यंतरी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला आणि कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. एवढे सगळे एकदम अधिकारी झाले, पण अधिकारी म्हणून कसं वागायचं याचं प्रशिक्षण कुणी घेतलं नाही. गावकरी अजून ‘तलाठीआप्पा’च म्हणतात आणि आप्पाही ओ देतात.

सरकारच्या बाजूनं हे सगळं फार गंभीर आहे, हेही सांगायला हवं. केंद्राच्या 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात प्रत्येक खात्यानं वेतनावरच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावी असं म्हटलेलं आहे. महाराष्ट्रानं त्याच्या आधीच, 2011 साली, स्वतःचं प्रशिक्षण धोरण आणलं. पुण्यात यशदा ही खास प्रशिक्षणाची संस्था आहे. पत्रकात फायदेही छापलेले असतात: क्षमतावृद्धी, कौशल्यविकास, दृष्टिकोनात सकारात्मक बदल. हे तीन शब्द इतक्या पत्रांतून फिरलेत, की त्यांना प्रवासभत्ता लागू करायला हरकत नाही.

फायदा होतो का? होतो, आणि चांगला होतो. फक्त तो पत्रकात छापलेल्या ठिकाणी सापडत नाही.

न सापडण्याचं एक कारण म्हणजे ‘मास्टर ट्रेनर’ नावाची व्यवस्था. पुण्यात राज्यस्तरावर पाच दिवस शिकवतात. तिथून शिकून आलेले जिल्ह्याच्या शिक्षण प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे ‘डाएट’मध्ये, तीन दिवस शिकवतात. तिथून तालुक्याला दोन दिवस, आणि केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत जेवणाआधीचा दीड तास. पंगतीला ऐनवेळी पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओततात, तसं ज्ञान प्रत्येक पायरीला वाढत जातं. पुण्याला तज्ज्ञांनी ‘मूल स्वतःच ज्ञानाची रचना करतं’ असं काही सांगितलेलं असतं. ते पालमच्या पुढच्या एखाद्या केंद्रशाळेत पोचेपर्यंत ‘भिंतीवर तक्ते लावायचेत, फोटो ग्रुपवर टाका’ एवढंच उरतं. ज्याला तक्ते पुरवायचे असतात त्याचा मात्र त्यात खरोखर फायदा होतो.

आता एमएस-सीआयटी घ्या. एमकेसीएल 2001 मध्ये स्थापन झालं आणि पाठोपाठ हा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक येणं सक्तीचं झालं, 31 डिसेंबर 2007 ही मुदत पडली आणि परीक्षा पास न झालेल्यांची वेतनवाढ रोखायची असं ठरलं. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. त्यामुळे शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून ही जन्मतारीख ठोकून वय दोन वर्षांनी कमी लावलेल्या पिढीला, निवृत्ती दोन वर्षं लांबल्याच्या आनंदात पहिल्यांदाच मिठाचा खडा लागला. बाकीचे झक मारत संगणकासमोर बसले.

सेलू, मानवत, गंगाखेडच्या बाजारपेठेत तेव्हा दुकानांच्या वरच्या मजल्यावर ही केंद्रं चालत. संध्याकाळी सातच्या बॅचला तिथं चाळिशी-पंचेचाळिशीचे विद्यार्थी आणि विशीतली शिकवणारी पोरगी. तीही कधीकाळी त्यातल्याच एखाद्याच्या हातची छडी खाल्लेली. अडचण संगणकाची नव्हती, माउसची होती. पडद्यावरचा बाण उजवीकडे न्यायचा म्हणून गुरुजी माउस उजवीकडे सरकवत. सरकवता सरकवता टेबल संपे. टेबल संपलं की गुरुजी थांबत आणि पोरीकडं बघत. ‘सर, उचला आणि परत मधे ठेवा.’ ‘मग बाण नाही का मागं यायचा?’ ‘नाही सर, उचलल्यावर नाही येत.’ गुरुजींनी वीस वर्षं वर्गात एकही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य केलेली नव्हती. ते माउस उचलत, अलगद मधोमध ठेवत आणि बाण जागच्या जागी आहे हे पाहून असे काही हसत, की त्या पोरीनं कधीकाळची छडी तिथल्या तिथं माफ करावी.

लोक पास झाले ते वेतनवाढीच्या धाकानं, यात शंका नाही. पण पुढं पगार ‘शालार्थ’वर गेला, 2015 मध्ये शाळांच्या माहितीचं ‘सरल’ आलं, बदल्यांचे अर्ज पोर्टलवर गेले. तेव्हा ज्यांचा हात त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वळला होता त्यांचं निभावलं. बाकीचे अजून सायबर कॅफेत पासवर्डसह आधार कार्ड ठेवून येतात.

प्रशिक्षणाचा दुसरा फायदा दुपारी एक ते दोन या वेळात होतो. कार्यक्रमपत्रिकेत त्याला ‘भोजन अवकाश’ म्हणतात. सकाळी नाश्त्याला सुशीला आणि चहा झालेला असतो, त्यामुळे सकाळचं सत्र पेंगत ऐकलेलं असतं. जेवायला उठलं की सभागृह खडबडून जागं होतं. जिल्ह्याच्या चार कोपऱ्यांतली माणसं इथंच भेटतात, आणि खरी क्षमतावृद्धी सुरू होते. बदलीच्या संवर्ग एकमध्ये कोण बसतं, पती-पत्नी एकत्रीकरणाला तीस किलोमीटर कुठून कुठं मोजायचे, वैद्यकीय बिल कुठल्या टेबलावर अडतं, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा हे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत मिळत नाही. ते पुरीभाजीच्या ताटावरच मिळतं. तिथं माणसं आपोआप दोन घोळक्यांत उभी राहतात: 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीला लागलेली, म्हणजे जुन्या पेन्शनची, आणि नंतरची. पहिला घोळका निवृत्तीनंतर कुठं राहायचं यावर बोलतो. दुसरा पहिल्याकडं बघतो. आणि एखाद्या मॅडमच्या हातावर ताट तसंच राहून ‘तुमचा मुलगा पुण्यालाच ना?’ असा प्रश्न निघतो, तेव्हा त्या प्रशिक्षणावर झालेला सरकारी खर्च वसूल व्हायला सुरुवात झालेली असते.

पण हा झाला आडवा फायदा. सरळ फायदाही असतो. तो बघायचा तर कृषी खात्याकडं वळलं पाहिजे.

परभणीत कृषी विद्यापीठ आहे, 1972 पासूनचं. 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. लोहाचं आणि जस्ताचं प्रमाण जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी इथली, ‘परभणी क्रांती’ ही भेंडीही इथलीच. शक्ती आणि क्रांती दोन्ही ताटात वाढणारं दुसरं विद्यापीठ शोधायला लागेल. तिथं होणाऱ्या प्रशिक्षणात पडद्यावरची रंगीत चित्रं असतातच, पण गावागावांतल्या कृषी सहायकाच्या हातात जे टिकलं त्याला वीजसुद्धा लागत नाही. ते म्हणजे गोणपाट.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन पेरलं आणि कितीतरी ठिकाणी ते उगवलंच नाही. तक्रारींचा पाऊस पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासण्यावर खात्यानं जोर दिला. रीत साधी. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. त्यावर दहा दाण्यांची एक ओळ अशा दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरा ओला तुकडा, मग सगळ्याची गुंडाळी, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं घ्यायचं. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवायचं. फारच कमी असतील तर ते बियाणं बाजूला सारायचं.

यात दाणे निवडून घ्यायचे नसतात, हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. पाहुण्यांपुढं ठेवायचं म्हणून माणूस टपोरे दाणे उचलतो. ‘मामा, पोत्यात हात घालून येतील ते घ्या,’ असं सहायक सांगतो. मामांना पटत नाही. ‘कामून? चांगलं दिसंना का मग?’ शेवटी मूठभर दाणे डोळे मिटून काढले जातात आणि सातव्या दिवशी बासष्ट निघतात. मामा गप्प. त्यानंतर मामांनी तीच परीक्षा शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याला शिकवलेली असते, वर ‘निवडून घ्यायचे नाहीत’ हे स्वतःचं संशोधन म्हणून सांगितलेलं असतं. पाच पायऱ्या उतरूनही पातळ न झालेलं हे प्रशिक्षण. कारण त्याचा निकाल शेत देतं, आणि शेताला सहीपत्रक दाखवून भागत नाही.

कधीकधी तर न दिलेल्या प्रशिक्षणालाही भाव येतो. परभणी 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात होती आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. सातोन्यात जन्मलेले बी. रघुनाथ त्याच राज्याच्या बांधकाम खात्यात नोकरी करत आणि मराठीत कविता-कादंबऱ्या लिहीत. राज्य गेलं, कचेऱ्या मराठी झाल्या, उर्दू आणि मोडी वाचणारे हळूहळू निवृत्त झाले. त्यांच्याकडून कुणी काही शिकून घ्यावं असं खात्याला वाटलं नाही. मग सप्टेंबर 2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांची कुलपं निघाली, बस्ते सुटले, आणि आत जे लिहिलं होतं ते वाचणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. ज्या म्हाताऱ्यांना ‘आजोबा, आता मोडीचं काय लोणचं घालायचंय?’ म्हणून नातवंडं हसत होती, त्यांना आणायला गाड्या जाऊ लागल्या. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग वर्षानुवर्षं घेतच होतं. तिथं हौसेनं बसणाऱ्यांना तोवर कुणी विचारत नव्हतं.

या सगळ्या प्रशिक्षणांचा राजा म्हणजे निवडणूक प्रशिक्षण. या लेखकाचं तर असं मत आहे, की देशातलं सगळ्यात यशस्वी कर्मचारी प्रशिक्षण हेच. व्यवस्थापनशास्त्राच्या मोठमोठ्या संस्थांनी जिंतूर-गंगाखेडला येऊन ते अभ्यासावं. कारण याची परीक्षा ठरलेल्या तारखेला, सकाळी सात वाजता, सगळ्या गावासमोर होते. मुदतवाढ नाही, फेरपरीक्षा नाही, आणि पेपर तपासायला सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी शेजारीच बसलेले.

2024 च्या लोकसभेला परभणीचं मतदान दुसऱ्या टप्प्यात, 26 एप्रिलला होतं. म्हणजे प्रशिक्षणं झाली ती ऐन उन्हाळ्यात. सभागृहात पंखे फिरतात पण वारा वरच्या वर राहतो. जारच्या पाण्याभोवती रांग. त्यात संगणकानं ‘सरमिसळ’ केलेली असते. माणसाला त्याच्या नेहमीच्या मतदारसंघात नेमायचं नाही हा नियम, म्हणून जिंतूरचा गंगाखेडला, गंगाखेडचा पाथरीला. कृषी विद्यापीठातले प्राध्यापक केंद्राध्यक्ष, त्यांच्या हाताखाली झेडपीचे गुरुजी, बँकेतले साहेब, पाटबंधारेचे कारकून. आयुष्यात एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या चौघांना दोन दिवस एकत्र खायचं, झोपायचं आणि लोकशाही पार पाडायची असते. स्थळं जमवणाऱ्यांनाही एवढी जोखीम घेववत नाही.

सुरुवातीला कुणी ऐकत नाही, कारण मागच्या रांगेत ‘माझं नाव कटलं का?’ ही चौकशी चालू असते. नाव कटवण्यासाठी वापरली जाणारी दुखणी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एप्रिलमध्ये जिल्ह्यातल्या मणक्यांची अवस्था अचानक बिघडते. पण नाव कटत नाही हे पक्कं झालं, की तीच मागची रांग पुढं सरकते आणि टेबलावरचं यंत्र हातात मागते. इथून पुढं जे घडतं ते कुठल्याच शिक्षण परिषदेत दिसत नाही.

त्या वर्षी परभणीत चौतीस उमेदवार होते. एका बॅलट युनिटवर सोळा बटणं. चौतीस आणि ‘नोटा’ मिळून पस्तीस, म्हणजे तीन बॅलट युनिटं. तिसरं दुसऱ्याला जोडायचं, दुसरं पहिल्याला, पहिलं व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅट कंट्रोल युनिटला. कंट्रोल युनिट मतदान अधिकारी क्रमांक तीनच्या टेबलावर, बाकीचा सगळा संसार पुठ्ठ्याच्या आडोशामागं. त्या वायरींकडं पाहून प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो: आपल्याला घरी सेटटॉप बॉक्ससुद्धा पोरगाच जोडून देतो.

मग अभिरूप मतदान, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातला मॉक पोल. मतदानाच्या दीड तास आधी, पहाटे साडेपाचला, प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकून दाखवायची. प्रत्येक बटण दाबलं गेलं पाहिजे, नोटासुद्धा. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. आकडे आणि चिठ्ठ्या जुळवायच्या. चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारायचा, त्या काळ्या पाकिटात घालायच्या, पाकीट प्लास्टिकच्या डबीत, डबीला गुलाबी सील. यातलं ‘क्लिअर’ राहिलं, तर त्या पन्नास खोट्या मतांवर दिवसभरातली खरी मतं चढत जातात आणि संध्याकाळी कुठलाच हिशेब कुठल्याच हिशेबाला जुळत नाही. असं यंत्र मतमोजणीला बाजूला काढून ठेवतात, आणि विजयाचं अंतर फारच कमी असलं तर त्याच्या चिठ्ठ्या मोजायची वेळ येते. परभणीत त्या वेळी अंतर एक लाख चौतीस हजारांच्या घरात गेलं. पण पहाटे साडेपाचला केंद्राध्यक्षाला ते कुठून ठाऊक असणार? त्याच्या डोळ्यांपुढं फक्त निलंबनाचा आदेश असतो. म्हणून सभागृहातले चाळीस-पन्नास प्रौढ, प्रतिष्ठित, सातवा वेतन आयोग घेणारे लोक पाढे म्हणावेत तसे ‘सी-आर-सी, सी-आर-सी’ घोकत असतात. एसटीत बसूनही घोकतात. शेजारच्या प्रवाशाला वाटतं कुठल्या महाराजांचा नवा मंत्र निघाला.

आणि प्रश्न! एरवी ‘काही शंका?’ म्हटल्यावर चपला शोधणारी माणसं इथं हात वर करून उभी असतात.

‘सर, डाव्या हाताची तर्जनी नसेल तर शाई कुठं लावायची?’

‘डाव्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला.’

‘डाव्या हाताला एकही बोट नसलं तर?’

‘उजव्याची तर्जनी. पुढचंही सगळं पुस्तिकेत दिलंय, वाचा.’

‘वाचलंय सर. तोंडी विचारून घ्यावं म्हटलं.’

आक्षेपित मताचं शुल्क दोन रुपये आहे, हे कळल्यावर सभागृह हळहळतं. एखाद्या मतदाराच्या ओळखीवर प्रतिनिधीनं आक्षेप घेतला तर त्यानं आधी दोन रुपये भरायचे आणि केंद्राध्यक्षानं पावती द्यायची. ‘पाचशेची नोट दिली तर सुट्टे कुठून आणायचे?’ हा बँकेतल्या साहेबांचा प्रश्न असतो, आणि तो अजिबात विनोदी नाही. प्रदत्त मत म्हणजे काय, मतदारानं सही करून मत द्यायला नकार दिला तर काय लिहायचं, अंध मतदाराच्या सोबत्याचं वय किती हवं, अशी कलमांमागून कलमं निघतात. वर्षभर साधा नियम शोधायला कारकुनाला फोन करणारी माणसं दोन प्रशिक्षणांत 17-ए आणि 17-सीमधला फरक झोपेत सांगायला लागतात.

याच्यात मौज अशी, की शिकवणारा साहेब निम्मंच शिकवतो. उरलेलं शिकवतात ते जुने खोड गुरुजी. 2004 पासून देशभर यंत्रं आली. त्याच्या आधी यांनी पेट्या सांभाळलेल्या, मतपत्रिकेची घडी आधी उभी आणि मग आडवी का घालायची हे नव्यांना सांगत आलेले. पुस्तिकेत नसलेलं सगळं यांच्याकडं असतं. साहित्य घेतल्यावर आधी मेणबत्ती आणि काड्यापेटी बघायची, कारण सीलची लाख काड्यापेटीवाचून वितळत नाही आणि रात्री खेड्यातलं दुकान उघडत नाही. मतदारयादीची चिन्हांकित प्रत आपल्याच केंद्राची आहे ना ते तिथंच, मंडपातच पाहायचं. केंद्राध्यक्षांची दैनंदिनी दर दोन तासांनी भरायची, शेवटी एकदम भरायला बसलं की अकरा वाजताची टक्केवारी नऊच्यापेक्षा कमी निघते. पोलीस पाटलाशी आल्या आल्या चहा प्यायचा. आणि पहाटे चार वाजता गावात पाणी कुठं मिळतं हे आदल्या रात्रीच विचारून ठेवायचं. यावर सगळ्यात जास्त लोक टिपण काढतात.

मतदानानंतर रात्री साहित्य जमा करायच्या मंडपात गेलं, की हे प्रशिक्षण कुणाच्या अंगी लागलं ते उघड दिसतं. ज्यांनी 17-सीच्या प्रती जागच्या जागी भरल्या, पाकिटं क्रमानं लावली, ते पंधरा मिनिटांत मोकळे होऊन पहिल्या एसटीची वाट बघत भजी खातात. ज्यांनी दुपारच्या सत्रात डुलक्या काढल्या ते जमिनीवर मांडी घालून, मोबाइलच्या उजेडात, पस्तीस पाकिटांतून एक पाकीट हुडकत असतात. बरं, पुढच्या वेळी हीच माणसं पहिल्या रांगेत दिसतात. नगरपालिका-जिल्हा परिषदेची निवडणूक आली, की व्हीव्हीपॅट नसतं, नियम वेगळे, आयोग वेगळा. मग पाठ केलेलं विसरायचं प्रशिक्षण. तेही ते मन लावून घेतात.

याच्या उलट टोकाला घरबसल्या घ्यायची प्रशिक्षणं. केंद्रानं 2 सप्टेंबर 2020 रोजी मिशन कर्मयोगी मंजूर केलं, पुढं आयगॉट नावाचं पोर्टल आलं आणि राज्यातल्या कर्मचाऱ्यांनाही त्यावर नोंदणी करायला सांगितलं गेलं. कल्पना उत्तम: ज्याला जे लागतं ते त्यानं आपल्या सवडीनं शिकावं. अभ्यासक्रमही त्यात काही खरोखर चांगले आहेत. पण सवडीचा जो अर्थ सरकारला अभिप्रेत होता तो घराघरांत टिकला नाही. भाकरी थापताना ओट्यावर टेकवलेल्या मोबाइलमध्ये ‘ताणतणाव व्यवस्थापन’ आपोआप चालू असतं, मधून मधून पिठाच्या बोटानं ‘पुढे’ दाबलं जातं, आणि कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर प्रमाणपत्र आलेलं असतं. तणाव खरंच कमी झालेला असतो. स्वयंपाक आणि प्रशिक्षण दोन्ही एकदम उरकलं.

गुरुजींच्या बाबतीत मात्र एका प्रशिक्षणाचा फायदा थेट पगारपत्रकात उमटतो. बारा वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि दोन्हीसाठी प्रशिक्षण पूर्ण केलेलं हवं. 2022 मध्ये ते ऑनलाइन झालं तेव्हा दोन हजार रुपये शुल्क होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पैसे भरून प्रशिक्षण घ्यायला लोकांनी तक्रार न करता नावं नोंदवली. घरातल्या घरात एकमेकांचे स्वाध्याय तपासून दिले गेले. दोघंही शिक्षक असलेल्या घरांत तर रात्री दहानंतर फक्त ‘अध्ययन निष्पत्ती’वर बोलणं चालायचं.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इथं पोरासोरांनाही पाठ आहे. कर्मचारी प्रशिक्षणाच्या बाबतीत ती तपासून पाहायची, तर जर्मनीत त्याचा खटाटोप पार वेगळा आहे. तिथं दहावी झालेला पोरगा कारखान्याशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस प्रत्यक्ष कामावर आणि उरलेले शाळेत, दोन-तीन वर्षं, आणि शिकत असतानाच पगार. 1969 पासून त्यासाठी कायदा आहे. शेवटची परीक्षा मालक घेत नाही, उद्योगांची संघटना घेते. म्हणजे गोणपाटाचं आणि मॉक पोलचंच तत्त्व: हातात काम, निकाल चारचौघांत.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. तिकडं कुशल माणसं कमी पडतात, इकडून ती पाठवायची, पहिल्या टप्प्यात दहा हजार. पाठवायची तर त्यांना जर्मन यायला हवं. जर्मन शिकवणार कोण? ती जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडं आली, आणि विभागाकडं आलेली जबाबदारी पुढं कुणाकडं जाते हे सांगायला नको. जर्मन शिकायची इच्छा असलेल्या शिक्षकांनी नावं नोंदवावीत, असं पत्र निघालं. जिल्ह्यातल्या गुरुजींनी ते रिवाजाप्रमाणे खालून वर वाचलं. कलम 134 नव्हतं. गैरहजेरीबद्दल काही नव्हतं. तेव्हा ग्रुपवर पहिला प्रश्न पडला, ‘सर, हे वरिष्ठ श्रेणीला धरणार का?’ आणि त्याखाली सतरा जणांनी अंगठा दाखवला.